शाल, श्रीफळ आणि सर्पमित्र

पुणेकरांच्या बोलण्यात कात्रजचे नाव आधी आले ते पाण्यामुळे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत व शहरातल्या हौदांपर्यंत खेळवले गेले. पुढे दुधाच्या पिशवीवर स्वार होऊन हे नाव घरोघर पोहोचले. पण पुण्यात वाढलेल्या गेल्या दोन पिढ्यांतील मुलांना कात्रज म्हटले की पाणीही आठवत नाही आणि दूधही आठवत नाही. त्यांना आठवतो तो साप. शाळेच्या सहलीच्या रांगेत उभे राहून काचेपलीकडचा नाग डोळे विस्फारून पाहिलेला नाही, असे मूल या शहरात विरळाच.

हे सर्पोद्यान १९८६ साली उभे राहिले. नीलिमकुमार खैरे यांनी ते पुणे महानगरपालिकेच्या साहाय्याने उभारले. खैरे हे कोणी प्राणिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. माथेरानला नोकरीत असताना आवारात निघणारे साप मारले जातात, आणि मारले जाणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा साप मारण्याऐवजी पकडून रानात सोडावा, या साध्या विचाराने त्यांनी हे काम हाती घेतले. जानेवारी १९८० मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांसमवेत एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. डिवचल्यावाचून साप चावत नाही, हे लोकांना प्रत्यक्ष दिसावे हा त्यामागील हेतू होता. तो विक्रम गिनेसच्या नोंदवहीत गेला आणि वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरही गेला. खैरे यांचे नाव त्या तीन दिवसांनी महाराष्ट्रभर झाले.

तीन दिवस आणि त्यानंतरची चार दशके यांचा हिशेब मांडून पाहिला, तर आपल्या समाजाच्या गौरवबुद्धीविषयी काही अप्रिय गोष्टी हाती लागतात. जो पराक्रम तीन दिवसांत आटोपला तो आजही लोकांच्या तोंडी आहे. पण नंतरची खटपट तितकी कोणाला ठाऊक नाही. महानगरपालिकेकडून जागा मिळवणे, जखमी व अनाथ वन्यप्राण्यांसाठी आसरा उभा करणे, इंडियन हर्पेटॉलॉजिकल सोसायटीसारखी संस्था चालवणे, आणि साप दिसताच काठी शोधणाऱ्या समाजात साप दिसताच दूरध्वनी करण्याची सवय रुजवणे, ही कामे नोंदवहीत बसणारी नव्हती. कात्रजच्या पाण्याचेही असेच झाले होते. हौदांना नावे होती आणि त्या नावांवरून आळ्या ओळखल्या जात, पण मैलोगणती जमिनीखालून गेलेल्या नळाला कोणी नाव दिले नाही. वास्तविक पाहता हौद भरत होता तो त्या नळामुळेच!

खैरे यांच्या कामाचे मोल काचेच्या खोलीपेक्षा तिच्याबाहेर अधिक आहे. तो विक्रम पाहून, त्याविषयी वाचून आणि पुढे सर्पोद्यानात फिरून पुण्यात व महाराष्ट्रात शेकडो तरुण या वाटेला लागले. 'सर्पमित्र' हा शब्द मराठीत आज इतका रुळला आहे की तो फार जुना नाही याचाही विसर पडावा. मद्रासमध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी सर्पोद्यान उभारले आणि १९७८ मध्ये पिढ्यानुपिढ्या साप पकडणाऱ्या इरुळा जमातीची सहकारी संस्था बांधली. तेथे एका जमातीच्या वंशपरंपरागत कसबाला नवे, कायदेशीर रूप मिळाले. महाराष्ट्रात घडले ते वेगळे. येथे ज्यांच्या घराण्यात साप धरण्याची काहीच परंपरा नाही अशी महाविद्यालयीन मुले, रिक्षाचालक, विजेची कामे करणारे कारागीर, दुकानांतले नोकर असे लोक केवळ हौसेने आणि कळवळ्याने या कामात शिरले. ही अर्थाने एक युवक चळवळच होती, आणि तिला ना घटना होती, ना गणवेश, ना वर्गणी.

या कामाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. मागच्या काही दशकांत शहर कात्रजच्या डोंगरावर चढले. आंबेगाव, कोंढवा, मांगडेवाडी या बाजूला जेथे गवताळ माळ आणि दगडी बांध होते, तेथे इमारती आल्या. इमारतींबरोबर कचरा आला, कचऱ्याबरोबर उंदीर आले आणि उंदरांमागे साप आले. खरे तर साप तेथेच होते. आली ती माणसे. पावसाळ्याच्या तोंडी एखाद्या सोसायटीच्या वाहनतळात धामण निघते आणि रात्री अकरा वाजता कोणाचा तरी दूरध्वनी वाजतो. दिवसभर कामावर राबून आलेला तरुण ताटावरून उठतो, स्वतःच्या दुचाकीत स्वतःच्या पैशाचे पेट्रोल भरतो आणि अंधारात पाच-सात मैल जातो. तेथे पन्नास माणसे गोळा झालेली असतात. त्यांतील निम्म्यांना साप मारायचा असतो आणि उरलेल्या निम्म्यांना त्याचे चित्रण करायचे असते. त्या गर्दीला मागे सारून, साप कोणत्या जातीचा हे ओळखून, तो पिशवीत घालून, लोकांच्या शंकांची उत्तरे देऊन तो घरी परततो तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे असते.

साप ओळखण्यात चूक झाली तर काय होते, हे सांगायला नको. महाराष्ट्रातील बहुसंख्य साप बिनविषारी असले तरी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांनी या देशात केलेला संहार भयंकर आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मृतांमध्ये खेड्यातील, शेतात राबणारी माणसे बहुसंख्य होती आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते या पार्श्वभूमीवर. आराखडे कागदावर लिहिले जातात. वस्तीवर जाऊन 'दंश झाल्यावर दोर आवळू नका, जखमेवर काप घेऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, अवयव न हलवता रुग्णाला थेट इस्पितळात न्या' हे सांगणारा माणूस मात्र बहुधा हा बिनपगारी सर्पमित्रच असतो.

आता या चळवळीची दुसरी बाजू. ती न सांगता नुसता गौरव करत राहणे अप्रामाणिकपणाचे होईल. काचेच्या खोलीच्या विक्रमाने जे तरुण आकर्षित झाले त्यांतील काहींनी त्या विक्रमामागील हेतू घेतला, तर काहींनी नुसता विक्रमच घेतला. नाग गळ्यात घालून मिरवणे, त्याच्या फण्याचे चुंबन घेणे, घोणस हातात धरून छायाचित्र काढवणे हे प्रकार याच चळवळीच्या पोटी जन्माला आले आणि भ्रमणध्वनीच्या काळात तर त्यांना ऊत आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगीवाचून साप पकडणे, बाळगणे वा त्याचे प्रदर्शन मांडणे हा गुन्हा आहे. तरीही असले खेळ चालतात आणि दरवर्षी काही सर्पमित्र आपल्याच हातातल्या सापाच्या दंशाने मरतात. मेलेला तरुण पंचवीस-तिशीचा असतो. त्याच्या छायाचित्राला हार घातला जातो आणि 'शेकडो सापांना जीवदान देणारा' असे त्याचे वर्णन छापून येते. तो कोणाच्या हाताखाली शिकला, त्याला 'थांब' म्हणणारे कोणी होते की नव्हते, याची विचारपूस कोणी करत नाही.

स्वयंसेवी नेतृत्वाची कसोटी लागते ती नेमकी येथे. चांगला सर्पमित्र घडवणारा माणूस आपल्या हाताखालच्या मुलाला साप कसा धरावा हे शिकवण्यापूर्वी तो हाताने का धरू नये हे शिकवतो. हुकाची काठी आणि पिशवी वापरायला लावतो. पहिली दोन वर्षे नुसते बाजूला उभे राहून गर्दी आवरायला सांगतो. पकडलेल्या प्रत्येक सापाची जात, ठिकाण, वेळ वहीत लिहून ठेवायला आणि वनखात्याला कळवायला लावतो. पकडलेला साप दूरच्या रानात नेऊन सोडणे म्हणजे भूतदया नव्हे, परक्या मुलखात तो बहुधा जगत नाही, हे समजावतो. आणि ज्या मुलाला छायाचित्राचीच हौस आहे त्याला, तो कितीही धीट असला तरी, घरी पाठवतो. या सर्व गोष्टींत पाहण्यासारखे काहीच नाही. ज्या गावात वीस वर्षे एकाही सर्पमित्राला दंश झाला नाही तेथे बातमी होत नाही, सत्कार होत नाही. खरे नेतृत्व तेथे असते आणि गौरव मात्र नाग गळ्यात घालणाऱ्याचा होतो.

हा विपर्यास केवळ सर्पमित्रांपुरता नाही. तरुणांमध्ये बिनमोबदला काम करणाऱ्या माणसांना कसे ओळखावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळी मैदानावर मुले-मुली जमवायची, त्यांचे खेळ घ्यायचे, जातीपातीची कुंपणे खेळता खेळता मोडायची, सुटीत श्रमदानाची सेवापथके न्यायची, हा त्या दलाचा कार्यक्रम. तो चालवला गावोगावच्या शाखानायकांनी. एस. एम. आणि साने गुरुजी यांची नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण रोज संध्याकाळी सहा वाजता, पाऊस असो वा परीक्षा असो, शिट्टी घेऊन मैदानावर हजर राहणारा शाखानायक कोण होता, हे त्या मैदानावर खेळलेल्या मुलांखेरीज कोणाला ठाऊक नाही. सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी जे लोकनाट्य लिहिले त्याचे नाव 'पुढारी पाहिजे' असे होते, ही मोठी मार्मिक गोष्ट म्हटली पाहिजे. पुढाऱ्यांची या राज्याला वाण कधीच पडली नाही. वाण पडली ती शिट्टी घेऊन वेळेवर येणाऱ्यांची.

याच कलापथकात निळू फुले वाढले. ते तेव्हा पुण्याच्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. महिन्याचा पगार ८० रुपये आणि त्यातले १० रुपये ते सेवा दलाला देत. दहा रुपयांची ही गोष्ट पुढे फुले नामवंत नट झाले म्हणून लोकांना कळली. तशाच पगारातून तसेच दहा रुपये देणारे आणि कधीच नामवंत न झालेले किती असतील, याची मोजदाद कोण करणार? आणि त्यांचा गौरव कोणी, कधी आणि कसा करायचा?

महाराष्ट्राने याचे एक ठरीव उत्तर शोधून काढले आहे, ते म्हणजे सत्कार. सभागृह भाड्याने घ्यावे, व्यासपीठावर सात खुर्च्या मांडाव्यात, दीपप्रज्वलन व्हावे, स्वागतगीत व्हावे, पाहुण्यांचा परिचय मूळ भाषणाहून लांबावा. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. सत्कारमूर्तीला बोलण्याची पाळी येईतो सभागृहातील निम्मे लोक चपला शोधू लागलेले असतात. पुण्यात तर या विधीचे शास्त्र पूर्णत्वास गेलेले आहे. एखादा कार्यकर्ता पंचाहत्तरीला पोहोचेपर्यंत त्याच्या घरी इतक्या शाली जमतात की त्या वाटून टाकणे हेच एक समाजकार्य होऊन बसते! सत्कार वाईट, असे कोणीच म्हणणार नाही. माणसाला आपल्या माणसांसमोर 'तू चांगले केलेस' असे कोणी म्हटलेले हवे असते, आणि ते म्हणण्याचा संकोच करणारा समाज दरिद्रीच म्हणावा लागेल. तथापि सत्कार हा बहुधा उतारवयात होतो. तरुणांत काम करणारा माणूस ज्या वयात खरोखर काम करत असतो, ज्या वयात त्याला नोकरी सांभाळायची असते, लग्न करायचे असते, घरच्यांची बोलणी खायची असतात, त्या वयात त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

सरकारी पुरस्कारांनी ही उणीव भरून निघावी अशी अपेक्षा होती. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ही तिची चौकट पुढे पक्की झाली, आणि १९९३-९४ पासून तिच्यातील उत्तम स्वयंसेवकांना व कार्यक्रम अधिकाऱ्यांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास प्रारंभ झाला. या योजनेने खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुलांना पहिल्यांदा घराबाहेर काढून फावडे हाती दिले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र युवक पुरस्कारांची एकंदर सरकारी रीत पाहिली की मन खट्टू होते. ठरावीक मुदतीत अर्ज मागवले जातात. अर्जासोबत केलेल्या कामाचे पुरावे, छायाचित्रे, वृत्तपत्रीय कात्रणे, प्रमाणपत्रे जोडायची असतात. म्हणजे ज्याने कात्रणे जपून ठेवली तो पात्र. ज्याने रात्री अकरा वाजता जाऊन साप पकडला आणि छायाचित्र काढण्याचे ज्याला सुचलेच नाही तो अपात्र. आपल्या निःस्वार्थीपणाचे पुरावे स्वतःच गोळा करून तीन प्रतींत सादर करावेत, अशी ही अट आहे. ज्याला ती सहज साधते त्याच्या निःस्वार्थीपणाविषयी शंका यावी, आणि ज्याला ती साधत नाही त्याचे नाव यादीतच नसावे! सार्वजनिक पैशाचा पुरस्कार पुराव्यावाचून देता येत नाही, हे सरकारचे उत्तर अगदीच पोकळ आहे असे नाही. पण पुरावा उमेदवारानेच का आणावा? ज्यांचे काम झाले त्या वस्त्यांना, ज्यांना त्याने शिकवले त्या मुलांना जाऊन विचारण्याइतके पाय सरकारला नक्कीच आहेत.

या बाबतीत महाराष्ट्रातच एक वेगळा प्रयोग होऊन गेला आहे आणि तो वारंवार आठवण्याजोगा आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग नामवंत नटनट्यांनी मानधन न घेता गावोगाव केले, त्यातून पैसा जमला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था झाली. ऐंशीतले दहा रुपये देणारा माळी आता नट म्हणून त्याच कामासाठी रंगमंचावर उभा होता. या प्रयोगात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या होत्या. एक, गौरव काम चालू असताना झाला, काम संपल्यावर नव्हे. दुसरी, तो घरात डाळ-तांदूळ होऊन पोहोचला. निधीचे नावही विचारपूर्वक ठेवलेले होते. त्यात 'पुरस्कार' नव्हता, 'साहाय्य' नव्हते; होती ती कृतज्ञता. देणाऱ्याने ऋण मान्य केले होते.

कृतज्ञतेचा हा अर्थ सर्पमित्रांना लावून पाहिला, तर करण्याजोग्या गोष्टी फार थोड्या आणि फार साध्या आहेत. हाडाच्या सर्पमित्राला पेट्रोलचा खर्च मागायला लाज वाटते आणि बोलावणाऱ्याला तो देण्याचे सुचत नाही. दंश झाला तर इस्पितळाचे बिल लाखांच्या घरात जाते आणि ते त्याच्या घरच्यांच्या डोक्यावर बसते. प्रतिसर्पविष जवळच्या सरकारी दवाखान्यात असेलच याची खात्री नसते. आयुष्याला उतरवलेल्या विम्याचा दावा 'स्वतःहून ओढवून घेतलेला धोका' म्हणून फेटाळला जाण्याची धास्ती असते. ओळखपत्र नसल्यामुळे रात्री नाक्यावर पोलीस अडवतात आणि पिशवीत काय आहे हे सांगितल्यावर आणखीच घोळ होतो. २०२५ साली राज्य सरकारच्या पातळीवर सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाख रुपयांचा अपघात विमा देण्याचा विचार जाहीर झाला, तेव्हा या मंडळींना शालीपेक्षा अधिक ऊब वाटली असेल यात नवल नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. विमा दिला, ओळखपत्र दिले, उद्या मानधनही दिले, तर स्वयंसेवा राहिली कोठे? शिवाय ओळखपत्रे मिळू लागताच ती मिळवण्यासाठी ज्यांचा सापाशी कधी संबंध आला नाही असे लोक रांगेत पुढे उभे राहतील. दुसऱ्या भागात तथ्य आहे. कोणतीही सरकारी सवलत जाहीर झाली की तिचे दलाल आधी जन्मतात आणि लाभार्थी नंतर, हा अनुभव या राज्याला पुरेपूर आहे. परंतु त्यावरचा उपाय या चळवळीच्या अंगातच आहे. ज्याला ओळखपत्र द्यायचे त्याच्यासाठी एका जुन्या, जाणत्या सर्पमित्राने 'हा माझ्या हाताखाली दोन वर्षे शिकला, मी त्याच्यासाठी जबाबदार आहे' असे लिहून द्यावे. त्याने ठेवलेली वही वनखात्याने तपासावी. आणि सापाचे प्रदर्शन मांडणाऱ्याचे ओळखपत्र, त्याच्या गुरूच्या शिफारशीसह, रद्द व्हावे. असे झाले तर चांगला शिक्षक कोण, हे आपोआप उघड होईल. ज्याचे दहा शिष्य दहा वर्षे निर्धोक काम करत आहेत त्याचा गौरव करायला मग अर्जाची आणि कात्रणांची गरज उरणार नाही. आणि पहिल्या भागाविषयी एवढेच म्हणता येईल की अग्निशामक दलाचा जवान पगार घेतो म्हणून आगीत शिरण्याचे त्याचे धैर्य कोणी कमी लेखत नाही. मग जो पगारही घेत नाही त्याने मरताना कर्जही मागे ठेवावे, असा आग्रह का?

राहता राहिला पैशाचा प्रश्न. विमा उतरवायचा तर हप्ता कोणी भरायचा, येथे गाडे अडते. राज्याने महानगरपालिकेकडे बोट दाखवावे, महानगरपालिकेने वनखात्याकडे आणि वनखात्याने पुन्हा राज्याकडे, अशी ही नेहमीची वाट आहे. कात्रज, आंबेगाव, कोंढव्याच्या डोंगरउतारांवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक सदनिकेकडून महानगरपालिका मिळकतकर घेते. त्या इमारतींच्या तळघरांत निघणारा साप उचलण्यासाठी तिने स्वतःची माणसे ठेवायची म्हटली, तर त्यांचा एका महिन्याचा पगार या परिसरातील साऱ्या सर्पमित्रांच्या वर्षभराच्या हप्त्यांहून खचित अधिक होईल. ज्या महानगरपालिकेने १९८६ मध्ये एका हौशी तरुणाच्या शब्दावर सापांसाठी जागा दिली होती, तिने येत्या अंदाजपत्रकात एवढी एक ओळ घालावी. पावसाळ्यापूर्वी ती मंजूर झाली तर अधिक बरे. दूरध्वनी जूनपासूनच वाजू लागतात.